दसऱ्याच्या पाट्या

ओसरी सारवून झाली, रांगोळी काढून झाली, पाट मांडून झाले, आणि पाटांवर ठेवायला एकही पाटी नव्हती.

कुसुमावतीने उगाच एक पाट हलवून सरळ केला. तो सरळच होता. बैठकीवर तिचे सासरे दामोदरपंत सोवळं नेसून, कुंकवाचा करंडा समोर ठेवून बसले होते आणि रस्त्याकडे न बघण्याची शिकस्त करत होते. रस्त्याच्या पलीकडे, तुकाशेट मिठवाल्यांच्या कौलारू गाळ्यात, पंतांच्याच मुलाची, म्हणजे कुसुमावतीच्या नवऱ्याची, गोवर्धनाची नवी शाळा होती. तिथे झेंडूचं भरगच्च तोरण होतं, पोरांचा गलका होता आणि उंबऱ्याशी वहाणांचा ढीग पडला होता.

जव्हारच्या त्या आळीची रीत अशी, की दसऱ्याला ज्या गुरुजींच्या हातून पाटीला कुंकू लागेल, त्यांच्याकडेच पोराने वर्षभर शिकायचं. मधेच शाळा बदलली तर सरस्वती रुसते, असं पंत पूर्वी बजावून सांगत. तेव्हा आळीत दुसरी शाळाच नव्हती, त्यामुळे सरस्वतीला रुसायला वावही नव्हता. आता मात्र घट बसले की आईबाप दोन्ही दारं बघून जात. पलीकडे नव्या कोऱ्या पाट्या मिळत, बत्तासे मिळत, इंग्रजी मिळे आणि मार मिळत नसे. यंदा पंतांकडची उरलीसुरली पोरंही पलीकडे गेली.

म्हणून घटस्थापनेलाच पंतांनी घरात सगळ्यांसमोर शब्द देऊन टाकला होता. "राजवाड्यावरून दसऱ्याची मिरवणूक निघेपर्यंत एक जरी पाटी आली, तर शाळा चालेल. नाही आली, तर ओसरी गोवर्धनाची. त्याला जागा पुरत नाही आणि मला पोरं."

"आणि धाकलीची पाटी, मामंजी?" कुसुमावतीने विचारलं होतं.

"घरची पाटी मोजायची नाही, सूनबाई. नातीच्या परकराआड लपून शाळा चालवली, असं व्हायचं."

धाकली ही कुसुमावतीची लेक. तिचं शाळेत जायचं वय झालं होतं आणि बापाची शाळा असून तिला शाळा नव्हती. मुलगी बसली तर मुलगे उठवू, असं तुकाशेटांनी गोवर्धनाला हसत हसत सांगितलं होतं, आणि तुकाशेट हसत सांगत ते खरं करत. म्हणजे पंतांची ओसरी मिटली, की धाकलीची अक्षरंही मिटली. कुसुमावतीचा जीव त्या रिकाम्या पाटांवर अडकला होता तो त्यासाठी.

शिवाय तिचं स्वतःचंही एक देणं होतं. मोखाड्याहून लग्न होऊन आली तेव्हा तिला स्वतःचं नावही वाचता येत नव्हतं. पंतांची पोरं पांगायला लागली, दुपारी ओसरी मोकळी पडायला लागली, तेव्हा एक दिवस सासऱ्यांनीच माजघराच्या दारात पाटी आणून ठेवली. "बसून बसून माझी अक्षरं गंजतील सूनबाई. तेवढा उपकार कर." उपकार कुणी कुणावर केला, हे तिला पुरतं ठाऊक होतं. आळीतले लोक पंतांची कीव करत तेव्हा ती मान हलवी आणि मनात म्हणे, देवा, पोरं गेली म्हणून मला अक्षर आलं. असं म्हणणं पाप की पुण्य, ते तिने देवावरच सोपवलं होतं.

"वहिनी, अगं किती वेळा ते पाट सरळ करशील?" जानकी माजघरातून बाहेर आली. पंतांची ही लेक नवरात्रासाठी सासरहून आली होती. तिने मुलाला, बाळ्याला, नवीन टोपी घातली होती आणि त्याच्या काखेत पाटी होती.

पंतांची नजर त्या पाटीवर गेली.

"नाना," जानकी म्हणाली, "मी आडपडदा ठेवत नाही. बाळ्याला मी दादाच्या शाळेत घालतेय. त्याला इंग्रजी यायला हवं. तुम्हाला राग आला तर येऊ द्या, पण तोंडावर सांगितल्याशिवाय मी रस्ता ओलांडणार नाही."

"मला इंग्रजी येत नाही, हे खरंच आहे की," पंत म्हणाले. "आई आहेस, बघून-सवरून घालतेयस. ये रे बाळ्या." त्यांनी करंड्यात बोट बुडवलं, पाटीला हात न लावता नातवाच्या कपाळावर कुंकू ओढलं. "पाटी मामाची, कपाळ माझं. जा."

जानकीने वाकून नमस्कार केला. उठताना तिचे डोळे भरले होते, पण ती गेली ती पलीकडेच.

आतून गोजाबाई, पंतांची पत्नी, पुरणाचा हात पदराला पुसत आल्या. त्या लेकाच्या बाजूच्या होत्या आणि ते लपवतही नव्हत्या. "आता तरी उठा. पोरानं सुतार सांगून ठेवलाय. तुमची पाठ बसून बसून मोडली, आणि त्याची शाळा कोंबड्यांच्या खुराड्यासारखी भरलीय. आपल्याच मुलाला ओसरी द्यायची, त्यात हरणं कसलं?"

"हरणं नाही," पंत म्हणाले. "शब्द मिरवणूक निघेपर्यंतचा आहे. अजून ढोल वाजला नाही."

"वाजेल की. तुमच्यासाठी थांबणार आहे का राजवाडा?"

कुसुमावती सासूबाईंना काही बोलली नाही. माळ्यावरून स्वतःच्या हाताने काढून दिलेल्या जुन्या पाट्या तिला आठवत होत्या. पलीकडे नव्या मिळाल्यावर पोरांनी टाकून दिलेल्या त्या पाट्या बाजाराच्या एका दिवशी साखरशेत पाड्यावरच्या सुकऱ्याने आपल्या पोरांसाठी टोपलीत घालून नेल्या होत्या. "दसऱ्याला येऊं," एवढंच तो म्हणाला होता. नक्की येऊ, असं नव्हता म्हणाला.

*

गोवर्धनाच्या पाटांवर पाट्या मावत नव्हत्या. एका पाटावर दोन-दोन, तीन-तीन ठेवाव्या लागल्या. प्रत्येक पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती होती, प्रत्येकीवर झेंडूचं फूल होतं. जानकीने बाळ्याची पाटी आणून ठेवली तेव्हा तुकाशेट मोठ्याने म्हणाले, "घ्या! पंतांचा नातूसुद्धा आपल्याकडे! आता काय राहिलं मास्तर?"

"काही नाही राहिलं," गोवर्धन म्हणाला.

जानकी त्याच्याजवळ सरकली. "दादा, मी तुझ्या बाजूची आहे, आत्ताच सिद्ध करून आले. तरी एक बोलते. उद्या त्या ओसरीवर बाकं टाकशील, तेव्हा लोक म्हणतील, आयत्या बिळावर नागोबा."

"आईनंच ओसरी दिलीय."

"आईनं दिली. नानांनी अजून दिली नाही. बघ, बसलेत."

त्याने बघितलं. सकाळपासून तो तेच करत होता. वडील एकटे बसले होते, ताठ. ज्या खांबाशी ते टेकले होते, त्या खांबावर पूर्वी एक खुंटी होती आणि खुंटीला छडी. वडिलांच्या शाळेतल्या सगळ्या पोरांना ती छडी ठाऊक होती; गोवर्धनाला जरा जास्तच, कारण गुरुजींचा मुलगा म्हणून त्याला माफी तर नव्हतीच, उलट व्याज होतं. काना चुकला की हात पुढे. पुन्हा चुकला की दुसरा हात. आपली शाळा काढली त्या दिवशी त्याने पोरांना आणि पालकांना एकच गोष्ट ठणकावून सांगितली: इथे कुणाच्या अंगाला हात लागणार नाही. आळीतली निम्मी पोरं त्या एका वाक्यावर रस्ता ओलांडून आली.

आणि मग काय झालं, तर पुढच्याच वर्षी वडिलांच्या खांबावरची छडी नाहीशी झाली. हल्ली आई त्या छडीने वाळवणावरचे कावळे हाकते.

आता मात्र गोवर्धनाला आपल्याच शाळेतलं एक दिसत होतं आणि बघवत नव्हतं. मार नव्हता, हे खरं. पण आईबाप दारातून डोकावून जात, त्यांना चटचट उत्तरं देणारी पोरं दिसायला हवी होती. म्हणून हुशार पोरं हळूहळू दाराशी आली आणि चुकणारी मागे भिंतीला गेली. कुणी ठरवलं नव्हतं. तुकाशेटांच्या दुकानातही चांगला तांदूळ पुढेच असे. भिंतीशी बसलेल्यांना त्याने कधी रागाने शब्द काढला नव्हता, पण कधी विचारलंही नव्हतं. आणि आपली धाकली तर भिंतीशीसुद्धा नव्हती.

इतक्यात खालच्या वळणावरून तारप्याचा, त्या भोपळ्याच्या लांब वाद्याचा, सूर आला. दसऱ्याला पाड्यापाड्यांवरून माणसं जव्हारला येत, राजवाड्यापुढे नाचत, बाजार करून परत जात. पण हा घोळका राजवाड्याकडे वळला नाही, सरळ आळीत आला. पुढे सुकऱ्या, त्याच्यामागे डोक्यावर टोपली घेतलेली त्याची बायको चैती, आणि तिच्या लुगड्याला धरून तीन पोरं.

गोवर्धनाने तिला ओळखलं. गेले काही बाजार ही बाई मीठ-मिरची घेऊन झाली की समोरच्या उंबराखाली बसून राहायची. दोन्ही शाळांकडे बघत. दमली असेल, असं त्याला वाटलं होतं.

"हे कुठे आले मिरवायला?" तुकाशेट पुटपुटले.

चैती दोन दारांच्या मधोमध थांबली. तोरणाकडे बघितलं, वहाणांच्या ढिगाकडे बघितलं. गोवर्धनाला वाटलं, आपल्याकडे येणार, आणि तुकाशेटांसमोर तिला काय उत्तर द्यायचं ते त्याला सुचेना. तेवढ्यात ती वळली आणि पोरांना घेऊन वडिलांच्या ओसरीकडे चालू लागली. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

*

"आलों पंतबाबा," सुकऱ्या ओसरीखाली उभा राहून म्हणाला. "वाटंत पानी जास्त व्हतं, उशीर झाला."

दामोदरपंत बैठकीवरून अर्धवट उठले. "ढोल वाजला नाही अजून. या. वर या."

चैतीने टोपली उतरवली, वरचं पान बाजूला केलं आणि पाट्या एकेक करून पाटांवर मांडल्या. कुसुमावती पुढे वाकली आणि जागच्या जागी थबकली.

पाट्यांवर सरस्वती नव्हती. तांदळाच्या पिठाने चौक काढला होता, बारीक रेघांचा, कडेला सूर्य-चंद्र, मधे देवी उभी आणि तिच्या चहूबाजूंनी भाताच्या लोंब्या. तिन्ही पाट्या काठोकाठ भरलेल्या, बोट ठेवायला जागा नाही. पीठ डिंकात कालवलेलं असावं, कारण पावसाळी वाटेने येऊनही रेघ हलली नव्हती.

"अगं बाई," गोजाबाई पुढे झाल्या. "ही कोणती देवी?"

"कणसरी," चैती म्हणाली. "बाबाच बोलं, पाटीवर देवी काडून आना. आमाला येती ती काडली. माझे आयसनी काडली, रातभर उपाशी ऱ्हावून."

पंतांच्या लक्षात आलं. आळीतल्या पोरांना 'देवी काढून आणा' म्हटलं की पुरत असे. कोणती, ते कुणी विचारत नसे. सुकऱ्या पाट्या न्यायला आला तेव्हा तेच वाक्य त्यांनी त्याला सांगितलं होतं. साखरशेतला देवी म्हटल्यावर भाताचीच येणार, हे त्यांच्या ध्यानीही आलं नव्हतं.

"चूक माझी," ते म्हणाले. "मी नीट सांगितलं नाही."

"चुकलं काय?" चैतीचा आवाज एकदम बारीक झाला. आत्तापर्यंत धीटपणे बोलणारी ती बाई पोरांच्या अंगाभोवती हात टाकून उभी राहिली.

कुसुमावतीच्या मनात एकच भीती. मामंजी सरस्वतीचे कट्टर उपासक. या पाट्यांना कुंकू लागलं नाही, तर त्या पाट्या आल्या असं म्हणता येणार नाही. आणि समोरच्या गाळ्यातून सगळी आळी बघत होती. ती सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

पंत मात्र पाटीकडे बघत होते. "सूनबाई," ते म्हणाले, "काल आपण जेवलो ते काय?"

"भात, मामंजी."

"आणि त्याआधी इतकी वर्षं? माझ्या शाळेत पोरं दक्षिणा म्हणून काय आणायची? पसाभर तांदूळ. ह्या देवीनं मला पोसलंय, आणि मी तिला कधी कुंकू लावलं नाही." त्यांनी बोट बुडवलं आणि तिन्ही कणसरींना कुंकू लावलं, हात जोडले.

गोजाबाईंनीही पदर सावरून हात जोडले. "आमची अन्नपूर्णाच म्हणायची की ही."

"तुमची ती तुमची, आई," चैती हळूच पण ठामपणे म्हणाली. "ही कणसरी."

गोजाबाईंना असं उलट ऐकायची सवय नव्हती. तरी त्या हसल्या. "बरं बाई, कणसरी तर कणसरी. चांगली तिखट आहेस. नावं काय पोरांची?"

"ही पोशी, हा माघ्या. आन ही जावेची फागी."

पंतांनी पोशीला जवळ बोलावलं. "आता पाटीवर श्री काढायचा. आधी देवी पुसून घे हो, बाळ."

पोशीने पाटी छातीशी धरली. आईकडे बघितलं.

"पुसायची?" चैती म्हणाली. "देवी पुसायची कशी? वस्तीत काय तोंड दावू?"

हे मात्र खरंच अवघड होतं. आळीतली सरस्वती पूजा झाली की ओल्या फडक्याने जाई आणि कुणाला काही वाटत नसे. ही देवी जाण्यासाठी काढलेली नव्हती. पुसली तर बाई पोरांना घेऊन उठणार, नाही पुसली तर लिहायचं कुठे? राजवाड्याच्या बाजूने पहिला ढोल वाजला. सुकऱ्याने पोरांचे हात धरले.

पंतांनी पोशीच्या हातातली पाटी अलगद घेतली, उलटी केली आणि तिच्या मांडीवर ठेवली. मागची बाजू काळीभोर, कोरी होती.

"देवी मागे उभी राहील," ते म्हणाले. "तू पुढे लिही. ती बघेल."

चैती मटकन ओसरीच्या कडेला बसली. "हां," ती म्हणाली. "अशी बघू दे तिला."

तेव्हा कुसुमावतीला काय करावं ते कळेना, म्हणून ती धावत आत गेली आणि धाकलीला पाटीसकट उचलून घेऊन आली. पाट्या आल्या होत्या. आता घरची पाटी ठेवायला हरकत नव्हती. तिने ती पोशीच्या पाटीशेजारी ठेवली आणि सासऱ्यांच्या पायांवर डोकं टेकलं ते लवकर उचललं नाही.

"माझ्या पाया पडू नकोस," पंत म्हणाले. "तिच्या पड." त्यांनी चैतीकडे बोट दाखवलं आणि चैती "नाय, नाय" करत उठूनच उभी राहिली.

*

मिरवणूक गेली. आळी ओस पडली. पलीकडचा गाळा बंद करून गोवर्धन आपट्याची पानं घेऊन रस्ता ओलांडून आला. सुताराला त्याने परत पाठवलं होतं.

ओसरीवर गोजाबाई साखरशेतकरांना पुरणपोळी वाढत होत्या. "इथे राहून शिकायची म्हणजे रात्री ही पोरं निजणार कुठे, ते सांगितलंत का?" त्या पंतांना विचारत होत्या. "ओसरीवर वारा लागतो. घोंगडी काढायला हवी." सकाळी त्याच ओसरीवर सुताराला बोलावणारी ही बाई, असं कुणाला सांगून पटलं नसतं.

"आज नाय निजायची," सुकऱ्या म्हणाला. "भात कापून, झोडून झालं का आनीन. बाबा बोललं, कापनीला शाला बंद ठेवीन."

"बंद म्हणजे बंद," पंत म्हणाले. "नाहीतर भात कोण कापेल?"

गोवर्धनाने वडिलांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, पाया पडला. मग तो चैतीसमोर बसला. कसं विचारावं ते त्याला समजेना, म्हणून त्याने सरळच विचारलं. "बाई, तुम्ही आमच्या दारात थांबलात. मग इकडे का वळलात? आमच्याकडे पाट्या नव्या आहेत. मारही नाही."

चैतीने पंतांकडे बघितलं. सांगू का, अशा नजरेने.

"सांग सांग," पंत म्हणाले. "मास्तर आहे तो. ऐकून घेईल."

"राग धरू नका दादा. आमी उंबराखाली बसून पाहात व्हतों. हुशार पोर कुठं बी शिकंल, त्याचं पाहून काय करू? आमी पाहात व्हतों, चुकलेल्या पोराला काय करतां. तुमी मारत नाय, चांगलं करतां. पन चुकलेलं पोर मागं भिंतीला बसतं, मग तेला कोन बोलत नाय. ह्या बाबाकडं दोनच पोरं व्हती, पन चुकलं का बाबा परत सांगं. परत चुकलं, परत सांगं." तिने पोशीच्या डोक्यावरून हात फिरवला. "आमचं पोर तं पयलं सगलंच चुकंल. तिला भिंतीशी बसवाया येवढ्या लांब कशाला आनू?"

गोवर्धनाने पलीकडच्या बंद गाळ्याकडे बघितलं. जानकी दारात उभी होती. तिने मान खाली घातली.

"पण शिकायचं कशासाठी?" गोजाबाईंनी पोळीवर तूप वाढत विचारलं.

"जंगलचा शिपाई कागद दावतो. वाचाया कोनाच्या दारात उभं ऱ्हावं लागतं. पोशी वाचंल."

पंत पान हातात फिरवत होते. "गोवर्धना," ते म्हणाले, "तिनं निवडलं मला, पण जे पाहून निवडलं ते माझं नव्हे. तू पलीकडे शाळा काढलीस, पोरं गेली, तेव्हा मी घाबरलो. घाबरून छडी उतरवली. दया नव्हती ती, धंद्याची गोष्ट होती. पण हातात छडी नसली की माणसाला परत सांगण्यावाचून दुसरं येतंय काय? सांगत गेलो. सांगता सांगता सवय लागली, आणि मग, खरं सांगतो, गोडी लागली. तू नव्या पाट्या वाटल्यास म्हणून जुन्या उरल्या. पोरं नेलीस म्हणून सून शिकली. तुझ्यामुळे मी म्हातारपणी मास्तर झालो बाबा." त्यांनी आपल्या हातातलं पान मुलाच्या हातावर ठेवलं. वडिलांनी मुलाला सोनं द्यायची रीत नव्हती, पण कुणी हटकलं नाही.

गोवर्धनाला बोलायचं होतं. उद्या भिंतीशी बसलेल्या पोरांना दाराशी आणतो, तुकाशेट काय म्हणतील ते म्हणोत, असं काहीतरी. पण त्याआधीच त्याची नजर लेकीवर गेली.

ओसरीच्या टोकाला धाकली आणि पोशी पाट्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. धाकलीने जीभ बाहेर काढून श्री काढला. तो उलटा झाला. तिच्या ते लक्षात आलं आणि तिने आजोबांकडे बघितलं.

गोवर्धनाचा उजवा हात, त्याला नकळत, मुठीत मिटला. याच खांबाशी, याच अक्षराला, याच माणसासमोर तो कितीदा तरी हात पुढे करून उभा राहिला होता.

पंत नातीजवळ सरकले, पाटीवर वाकले. "उलटा झाला होय?" ते म्हणाले. "होऊ दे. परत काढ."

धाकलीने पुसून परत काढला. परत चुकला.

"परत," पंत म्हणाले, त्याच आवाजात.

गोवर्धनाने हळूच मूठ उघडली. वडिलांनी दिलेलं पान आत होतं, जरा चुरगळलेलं. कुसुमावती त्याच्याकडे बघत होती. त्याने डोळे पुसले, जागेवरून उठला आणि लेकीच्या पलीकडे, पोशीच्या शेजारी, मांडी घालून बसला.

"नाना," तो म्हणाला, "मीही शिकायला बसू?"